बोकडाच्या महाधमनीतील स्मूथ मसल पेशी आणि द्राक्षबियांचा अर्क: प्रयोग कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाचा एम.एस्सी. प्रकल्प. वाइनरीतून मिळालेल्या द्राक्षबियांचा अर्क रक्तवाहिनीच्या स्मूथ मसल पेशींची वाढ रोखतो का, हे पाहायचे आहे. पेशी कत्तलखान्यातून आणलेल्या बोकडाच्या महाधमनीतून काढायच्या आहेत. एकदा बुरशी आली, एकदा पेशी वाढल्या पण एमटीटीचे (जिवंत पेशींमुळे जांभळा होणाऱ्या रंगाच्या चाचणीचे) आकडे दर वेळी वेगळे आले. पद्धत कोणती घ्यावी, आणि "अर्क हृदयविकार रोखतो" असे म्हणता येईल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही म्हणता येणार. पण तुमच्या साधनांत एक पक्का, उपयोगी निष्कर्ष नक्की मिळू शकतो. त्यासाठी अर्क घालण्याआधी डिशमधल्या पेशी कोणत्या अवस्थेत आहेत हे दाखवावे लागेल. तुमचे आकडे हलतात त्याचे मोठे कारण तिथेच आहे.

निरोगी धमनीच्या मधल्या थरातली स्मूथ मसल पेशी जवळजवळ विभागत नाही. ती लांबट असते, आकुंचनाच्या प्रथिनांनी भरलेली असते आणि वाहिनीचा ताण सांभाळते. इजा झाली, आजूबाजूची जाळी तुटली किंवा वाढीचे घटक मिळाले की तीच पेशी ही प्रथिने कमी करते, सरकते, विभागते आणि कोलॅजन बनवू लागते. पहिलीला आकुंचनशील अवस्था म्हणतात, दुसरीला संश्लेषी. ऊतीतून पेशी काढून प्लॅस्टिकवर ठेवणे ही स्वतःच मोठी इजा आहे. त्यात सीरम म्हणजे गोठलेल्या रक्ताचा द्रव, म्हणजे बिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) सोडलेला पीडीजीएफ हा वाढीचा घटक त्यात आहेच. हा घटक मुळात सापडलाच असा: १९७४ मध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बिंबिकांमधल्या घटकामुळे सीरमवर धमनीच्या स्मूथ मसल पेशी वाढतात. थोडक्यात, दहा टक्के सीरममधली चौथ्या पॅसेजची (म्हणजे चौथ्यांदा नव्या भांड्यात हलवलेली) पेशी अर्धी "आजारी" अवस्थेतच असते. ती किती बदलली आहे हे न मोजता अर्क घातला, तर आकडा कशाचा आहे हेच कळत नाही.

आता ऊती. परवानाधारक कत्तलखान्यातूनच घ्या आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला लेखी कळवून ठेवा. प्रयोगासाठी जनावर मारलेले नाही, तरी प्रबंधात ते पत्र लागते. शक्यतो एक वर्षाच्या आतला बोकड निवडा. वय वाढले की पेशी उशिरा बाहेर येतात आणि लवकर थकतात. महाधमनीची कमान नको. तिच्या खालचा, छातीतून सरळ उतरणारा भाग घ्या, आणि प्रत्येक जनावरातून तोच. कमानीतल्या पेशींचा भ्रूणातला उगम न्यूरल क्रेस्टमधून असतो, खालच्या भागातल्यांचा सोमाइटमधून, आणि टीजीएफ-बीटासारख्या संकेतांना दोघी वेगळा प्रतिसाद देतात. एकदा कमान आणि एकदा खालचा भाग घेतला तर त्या दोन वेगळ्या पेशी झाल्या.

आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा निर्जंतुक बाटलीत, बर्फासारख्या थंड हँक्स द्रावणात आणा. त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या दुप्पट आणि अॅम्फोटेरिसिन-बी मिलिलिटरला २.५ मायक्रोग्रॅम असू द्या. बाटली बर्फात बुडवा, पण तुकडा गोठू देऊ नका. दोन तासांत काम सुरू व्हावे. कत्तलखान्याचे काम पहाटेच उरकते, तेव्हा हूड आणि माध्यम आदल्या संध्याकाळी तयार ठेवा.

बुरशी बहुतेक वेळा हवेतून येत नाही, बाहेरच्या चरबीतून येते. म्हणून साधनांचे दोन संच लागतात. पहिल्या चिमट्या-कात्रीने पहिल्या डिशमध्ये चरबी आणि बाहेरचा सैल थर काढा. तीन वेळा ताज्या द्रावणाने धुवा. मग डिश, चिमटे, कात्री, हातमोजे सगळे बदला. पहिल्या डिशमधले काहीही दुसरीत जाऊ नये, थेंबसुद्धा. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते, आणि दोष इन्क्युबेटरला मिळतो.

दुसऱ्या डिशमध्ये धमनी लांबीने उघडा. पाठीच्या बाजूला बरगड्यांकडे जाणाऱ्या शाखांची छिद्रे जोडीजोडीने दिसतील. तो पट्टा वगळा, कारण शाखांच्या मुखाशी पेशी सरमिसळ असतात. आतली बाजू वर करून बोथट स्काल्पेलने, हलका दाब देत, एकाच दिशेने दोन-तीन वेळा खरवडा, म्हणजे एंडोथेलियम (वाहिनीचे सर्वांत आतले अस्तर) निघेल. आता बाहेरच्या थराचा प्रश्न. बोकडाची महाधमनी जाड असल्याने इथे सोय आहे: बारीक चिमट्याने मधल्या थराचे पापुद्रे कडेकडून सोलता येतात. आतल्या दोन तृतीयांश जाडीचेच पापुद्रे घ्या, बाहेरचा एक तृतीयांश सोडून द्या. ऊती वाया जाते, जाऊ द्या. त्या बाहेरच्या भागात फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) असतात, ते स्मूथ मसलपेक्षा लवकर बाहेर येतात आणि दोन आठवड्यांत सगळी डिश व्यापतात.

एन्झाइमची पद्धत घ्यावी की एक्स्प्लांटची, म्हणजे ऊतीचे तुकडे ठेवून त्यांतून पेशी आपोआप बाहेर येऊ देण्याची? कोलॅजिनेज आणि इलॅस्टेजने एक-दोन तासांत पेशी सुट्या होतात आणि त्या मूळ अवस्थेच्या जास्त जवळ असतात. पण कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो, इलॅस्टेज महाग आहे आणि बोकडाच्या जाड भिंतीला वेळ बसवण्यात ऊती वाया जाते. एम.एस्सी.च्या मुदतीत आणि खर्चात एक्स्प्लांटच घ्या.

पापुद्र्यांचे एक ते दोन मिलिमीटरचे चौकोन करा. एकाच झटक्यात कापा, करवतीसारखे ओढू नका. चुरडलेल्या कडेतून पेशी येत नाहीत. टी-२५ फ्लास्कमध्ये बारा-पंधरा तुकडे, आतली बाजू खाली, एकमेकांपासून अर्धा सेंटिमीटर दूर ठेवा. फ्लास्क उलटा करा, म्हणजे तुकडे वरच्या भिंतीला चिकटलेले राहतील. खालच्या भिंतीवर तीन मिलिलिटर माध्यम घाला आणि दोन-तीन तास तसाच इन्क्युबेटरमध्ये ठेवा. मग हळूच सुलटा करा. माध्यम म्हणजे डीएमईएम (पेशींचे नेहमीचे पोषक द्रावण), २० टक्के सीरम, नेहमीचे प्रतिजैविक. पहिले चार दिवस फ्लास्कला हात लावू नका. तुकडा एकदा सुटला की तो पुन्हा चिकटत नाही, आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या उत्सुकतेने बरेच तुकडे सुटतात. अॅम्फोटेरिसिन पहिला आठवडाच. पुढे ते पेशींनाही बाधते.

पहिल्या तीन-चार दिवसांतच भराभर बाहेर पडलेल्या, विखुरलेल्या पेशी दिसल्या तर संशय घ्या. स्मूथ मसल साधारण सातव्या ते दहाव्या दिवसापासून येतात, आणि दाटी झाली की उंचवटे आणि खोलगट पट्टे अशी रचना दिसू लागते. चौदाव्या दिवसाच्या आसपास तुकडे काढून टाका आणि ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएने पहिला पॅसेज करा. नंतर सीरम १० टक्क्यांवर आणा. विभागणी एकास दोन, फार तर एकास तीन. पातळ पसरलेल्या पेशी संश्लेषी अवस्थेकडे झुकतात, दाट असलेल्या परततात; म्हणून पेरणीची घनता ही सोयीची नव्हे, प्रयोगाची अट आहे. प्रयोग दुसऱ्या ते पाचव्या पॅसेजमध्येच करा, आणि सगळे डोस एकाच पॅसेजमध्ये. दुसऱ्या पॅसेजला शक्य तितक्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा.

ओळख पटवताना अल्फा स्मूथ मसल अॅक्टिनवर थांबू नका. इजेत चेतलेले फायब्रोब्लास्टही ते दाखवतात. त्याच्यासोबत कॅल्पोनिन आणि एसएम-२२ अल्फा घ्या, आणि सर्वांत खात्रीची म्हणजे एमवायएच ११, स्मूथ मसलची मायोसिन हेवी चेन. ती कल्चरमध्ये लवकर घटते, त्यामुळे तिची पातळी हीच तुमच्या पेशी किती बदलल्या याची मोजपट्टी. एंडोथेलियमसाठी सीडी-३१ रिकामे यायला हवे. अॅक्टिनचा १ए४ हा प्रतिपिंडाचा क्लोन बहुतेक सस्तन प्राण्यांत चालतो; बाकी प्रतिपिंडे बोकडावर तपासलेली असतीलच असे नाही. धमनीचाच एक तुकडा सकारात्मक नियंत्रण म्हणून शेजारी रंगवा. आणि बोकडाच्या ऊतीवर शेळीत बनवलेले प्राथमिक प्रतिपिंड व शेळीविरोधी दुय्यम ही जोडी टाळा, सगळी स्लाइड उजळेल. प्रतिपिंडांचा खर्च झेपत नसेल तर आरटी-पीसीआर करा. शेळीचा जीनोम उपलब्ध आहे, प्रायमर दोन एक्झॉनांच्या सांध्यावर बसवा.

नाशिकच्या हवेबद्दल दोन गोष्टी. बहुतेक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरना खोली त्यांच्या ठरवलेल्या तापमानापेक्षा किमान पाच अंश थंड लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारी ३५ वर गेली, तर ३७ वर ठेवलेला इन्क्युबेटर ३८-३९ दाखवू लागतो. त्याच्यात उष्णता देण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. पेशी मरत नाहीत, पण ताणाची प्रथिने वाढतात, विभागणी बदलते आणि मार्च-मेचे आकडे जुळेनासे होतात. खोलीला एसी नसेल तर मुख्य प्रयोग मे महिन्यात ठेवू नका, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवून दुपारी तीनला वाचा. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पाण्याच्या ट्रेमध्ये नळाचे पाणी घालू नका. निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी आणि दर आठवड्याला बदल. वीज गेली तर दार उघडू नका. माध्यमावर मागेपुढे न पाहता दरमहा मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर करा. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन लागू पडत नाही, माध्यम गढूळही होत नाही. फक्त आकडे हळूहळू बिघडतात.

प्रयोगाचा सांगाडा असा ठेवा. चौरस सेंटिमीटरला ८,००० पेशी पेरा, २४ तास १० टक्के सीरममध्ये चिकटू द्या, मग ४८ तास ०.५ टक्के सीरम. याने पेशी एका रेषेवर येतात आणि आकुंचनाची प्रथिने थोडी परततात. त्यानंतर चार गट: नुसते कमी सीरम; पीडीजीएफ-बीबी मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम; पीडीजीएफ आणि अर्क; नुसता अर्क. अर्क एक तास आधी. शेवटचा गट बरेच जण गाळतात. तो नसेल तर अर्काने पीडीजीएफचा संकेत अडवला की पेशींना नुसते विष झाले, हे सांगता येत नाही. सोबत रॅपामायसिन (पेशींची विभागणी रोखणारे औषध) १० नॅनोमोलरचा एक गट घ्या. ते रोखत नसेल तर व्यवस्थेतच खोट आहे, अर्काकडे पाहायचीही गरज नाही.

आता अर्क, कारण एमटीटीचा घोटाळा इथूनही येतो. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली खाण्याची थॉमसन द्राक्षे बिनबियांची, म्हणजे बिया मिळणार त्या वाइनच्या जातींच्या चोथ्यातूनच. विंचूरकडच्या वाइनरीतून चोथा घेताना तो पांढऱ्या वाइनचा की लाल, हे विचारून लिहून ठेवा. पांढऱ्यात चोथा आंबवण्याआधीच वेगळा होतो, लालमध्ये बिया रसासोबत दिवसेंदिवस राहतात आणि त्यातली काही पॉलीफेनॉल वाइनमध्ये उतरलेली असतात. दोन्हींचे अर्क एक नव्हेत. बागेत बुरशीनाशके मारलेली असतात, गंधक आणि तांबे विशेष. म्हणून बिया धुऊन, ५० अंशांखाली वाळवून घ्या आणि अर्काचा एक नमुना अवशेष तपासणीला पाठवा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ही तपासणी होते. तांबे राहिले तर ते स्वतःच पेशी मारते, आणि श्रेय पॉलीफेनॉलला जाते. दळलेल्या बियांतले तेल हेक्झेनने काढा, मग ७० टक्के इथेनॉलने अर्क. एकूण फेनॉल फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने गॅलिक आम्लाच्या प्रमाणात मोजा आणि पुढे डोस त्याच एककात लिहा. "मायक्रोग्रॅम अर्क" हे मोजमाप पुढच्या हंगामात कोणालाच उपयोगी नाही.

साठा डीएमएसओमध्ये करा. गाळणी नायलॉन किंवा पीटीएफई, कारण सेल्युलोज अॅसिटेट डीएमएसओत विरघळते. सगळ्या डोसचे सौम्यीकरण डीएमएसओमध्येच करून माध्यमात शेवटी ०.१ टक्का डीएमएसओ सर्वत्र सारखा ठेवा, नियंत्रणातही.

पॉलीफेनॉल आणि एमटीटी यांचे जमत नाही. पॉलीफेनॉल स्वतः क्षपणकारक असल्याने पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात आणि जास्त डोसला पेशी "वाढल्या" असे दिसते. शिवाय डीएमईएममध्ये कॅटेचिन गटाची संयुगे आपोआप ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. मग पेशी मरतात त्या अर्काने नव्हे, पेरॉक्साइडने. दोन्हींवर उपाय आहे. पेशीविना अर्क आणि एमटीटी अशी कोरी ओळ प्रत्येक प्लेटवर ठेवा, एमटीटी घालण्याआधी पेशी दोनदा पीबीएसने धुवा, आणि एका गटात मिलिलिटरला २०० युनिट कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारे एन्झाइम) घाला. कॅटलेजने परिणाम नाहीसा झाला तर तो अर्काचा नव्हता. पण एमटीटी मुळात पेशी मोजतच नाही, त्यांची चयापचयाची गती मोजते. मुख्य निष्कर्ष हिमोसायटोमीटरवर ट्रायपॅन ब्लूने केलेल्या मोजणीवर आणि ईडीयू किंवा बीआरडीयूवर (नव्या बनणाऱ्या डीएनएत बसणाऱ्या खुणांवर) उभा करा. सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारे एन्झाइम), विषारीपणा दाखवायला. स्थलांतरासाठी रेघ मारण्याची चाचणी करणार असाल तर आधी मायटोमायसिन-सीने विभागणी थांबवा. नाहीतर रेघ विभागणीने भरली की सरकण्याने, ते उमजत नाही.

डोसबाबत स्पष्ट बोलतो. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमला परिणाम दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. बियांतले मोठे प्रोअँथोसायनिडिन आतड्यातून जवळपास शोषले जात नाहीत. शोषले जाते ते यकृत आणि आतड्यातले जिवाणू बदलून टाकतात. रक्तात मूळ संयुग अत्यल्प असते. सर्वांत मोठा डोस मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत असावा. एका ठिकाणी मात्र जास्त डोसचा प्रश्न रास्त आहे: वाहिनीत थेट औषध सोडायचे असेल, जसे स्टेंटवरून (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीवरून).

तुमच्या कामाचा खरा संदर्भही तोच. १९७७ मध्ये ग्रुंटझिग यांनी झुरिकला पहिली बलून अँजिओप्लास्टी केली; पुढे कळले की साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते. साध्या स्टेंटने ते प्रमाण २०-३० टक्क्यांवर आले, तरी आतल्या थरात स्मूथ मसल पेशी वाढतच होत्या. रॅपामायसिन लावलेल्या स्टेंटने ही वाढ रोखली आणि प्रमाण एक अंकी झाले. पण तेच औषध एंडोथेलियमही भरू देत नाही, म्हणून उशिराने गुठळीचा धोका आणि दीर्घकाळ दोन-दोन बिंबिकारोधक गोळ्या. तेव्हा तुमच्या अर्काला विचारण्याजोगा प्रश्न असा: स्मूथ मसलला रोखणाऱ्या डोसला एंडोथेलियम टिकते का? त्याच धमनीतून खरवडलेल्या एंडोथेलियमच्या पेशींवर, किंवा विकतच्या पेशीरेषेवर, तोच डोस चालवा. हा फरक दिसला तर प्रबंधाला वजन येईल.

मेदयुक्त धमनीकाठिण्याबद्दल मात्र "वाढ रोखली म्हणजे चांगले" हे लिहू नका. चरबीच्या गाभ्यावरची तंतुमय टोपी स्मूथ मसल पेशींनीच विणलेली असते. ती पातळ झाली की फुटते आणि झटका येतो. २०१५ मध्ये शँकमन आणि ओवेन्स यांच्या गटाने उंदरांत दाखवले की धमनीच्या भिंतीत चरबी साचून झालेल्या प्रगत ठिगळांमध्ये स्मूथ मसलपासून आलेल्या ८० टक्क्यांहून जास्त पेशी नेहमीच्या खुणांनी ओळखूच येत नाहीत. त्यांतल्या काही मॅक्रोफेजसारख्या (भक्षक पेशींसारख्या) झालेल्या असतात. त्याच कामात, या पेशींमधले केएलएफ-४ (इतर जनुकांचे काम ठरवणारे जनुक) काढल्यावर ठिगळे लहान आणि स्थिर झाली. म्हणजे पेशींच्या संख्येपेक्षा त्या कोणत्या वाटेने बदलतात ते महत्त्वाचे. म्हणून अर्काच्या गटात मोजणीबरोबर कॅल्पोनिन, एमवायएच ११, केएलएफ-४ आणि कोलॅजन-१ हे चार जनुक नक्की मोजा. विभागणी घटली आणि कॅल्पोनिन परतले, तर ती बातमी आहे. विभागणी घटली आणि कोलॅजनही बसले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा.

आकडेवारीत एक चूक सर्रास होते. एका बोकडाच्या पेशी ९६ विहिरींत घातल्या तरी एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) एकच. विहिरी म्हणजे एकाच जनावराची पुनरावृत्ती. किमान पाच-सहा बोकड घ्या, प्रत्येकाची सरासरी एक आकडा, आणि तुलना त्याच जनावराच्या नियंत्रणाशी जोडीने करा. जनावरांमधला फरक मोठा असतो. जोडीने पाहिले तर तो आड येत नाही.

माध्यम निवडताना ग्लुकोज पाहा. नेहमीच्या डीएमईएममध्ये लिटरला ४.५ ग्रॅम म्हणजे २५ मिलिमोलर असते, अनियंत्रित मधुमेह्याच्या रक्ताइतके. एक ग्रॅमचे घ्या.

कामाचा क्रम हंगामावर बसवा. द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च. चोथा तेव्हा एकदाच, एकाच टाकीतला, पुरेसा घेऊन बिया वाळवून उणे २० वर ठेवा, जात, टाकी आणि तारीख लिहून. पेशींचे काम त्याआधी, ऑक्टोबर ते डिसेंबरात, खोली थंड असताना: सहा बोकडांच्या पेशी काढून, खुणा तपासून, दुसऱ्या पॅसेजला गोठवून. पीडीजीएफ आणि रॅपामायसिनचे गट अर्काशिवाय तेव्हाच चालवून पाहा. त्यात पीडीजीएफने पेशींची संख्या ४८ तासांत ठळक वाढली नाही, तर अर्क तयार असला तरी तो अजून उघडू नका. आधी उपासाचा (कमी सीरमचा) काळ आणि पेरणीची घनता बसवा.